सोन्याचे विष, विषाचे सोने

झारेकरी हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, पेढीसमोरच्या गटारातला गाळ विकत घ्यायचा, तो धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण वेगळे काढायचे, हा झारेकऱ्यांचा धंदा. मुंबईच्या झवेरी बाजारात हे काम अजून चालते. करणारी माणसे बदलली, एवढेच. या धंद्याचा सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो: सोने हरवते, पण नासत नाही. लोखंडाला गंज चढतो, तांब्यावर हिरवट थर येतो, चांदी काळी पडते. सोने मात्र चिखलात कितीही दिवस पडले तरी धुतल्यावर जसेच्या तसे हाती येते.

माणसाच्या आयुष्याच्या मापाने हे खरेच आहे. पण मातीत आणि नदीच्या वाळूत पडलेले सोने स्वस्थ बसलेले नसते. ते अगदी थोडेथोडे विरघळते, पाण्याबरोबर सरकते आणि दुसरीकडे पुन्हा धातू होऊन बसते. या ये-जा करण्यात जिवाणूंचा मोठा वाटा आहे, हे गेल्या तीसेक वर्षांत पुराव्यानिशी पुढे आले आहे. वर्तमानपत्रांतून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मात्र ‘सोने हगणारा जिवाणू’ अशा मथळ्यांतून. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ काझेम काशेफी आणि कलावंत ॲडम ब्राउन यांनी काचेच्या भांड्यात जिवाणू वाढवून, त्यांना सोन्याचे क्लोराइड देऊन, आठवडाभरात शुद्ध सोन्याचे कण तयार करून दाखवले. ती एक कलाकृती होती, पण मथळ्यांनी तिचा परीस करून टाकला. काहीतरी भलतेच घ्यावे आणि सोने बाहेर टाकावे, असा तो प्रकार नव्हे. त्या भांड्यात जेवढे सोने विरघळलेल्या रूपात घातले होते, त्याहून गुंजभरही जास्त निघणे शक्य नव्हते. खरी गोष्ट किमयेची नाही, विषबाधेची आहे आणि ती मला किमयेपेक्षा जास्त रंजक वाटते.

ती समजायची तर सोने विरघळते कसे, इथून सुरुवात करावी लागेल. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. माझे रसायनशास्त्राचे पहिले धडे गलाईच्या दुकानात झाले. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळायच्या या धंद्यासाठी केरळपासून काश्मीरपर्यंत पांगली आहेत. आमच्या घरातून चुलते गेले होते तमिळनाडूत. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मुशीतला टाकणखार, तेजाबाची बरणी आणि घशाला झोंबणारा तांबूस-पिवळा धूर हेच बघायला मिळे. जुन्या दागिन्याचे सोने शुद्ध करायचे तर आधी त्यात चांदी मिसळून ते गाळायचे, इतकी की एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी व्हावी. मग त्याचे पातळ तुकडे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकायचे. चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. बघणाऱ्याला माती वाटावी अशी ती भुकटी म्हणजे सोने. चांदी मिसळायची कशासाठी, तर सोने जास्त असले की ते आतल्या चांदीला कवटाळून बसते आणि आम्लाला आत शिरू देत नाही.

म्हणजे कडक तेजाबालाही सोने दाद देत नाही. पण त्याच तेजाबात मिठाचे आम्ल मिसळले की अम्लराज तयार होते आणि त्यात सोने विरघळते. असे का? सोन्याला विरघळवायला दोघे लागतात. एक हिसकावणारा, दुसरा धरून ठेवणारा. सोन्याच्या अणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला की त्याचा आयन होतो. पण सोन्याची ओढ पुन्हा धातू होण्याकडे इतकी जबर असते की त्या आयनाला कोणी लगेच धरून ठेवले नाही, तर तो माघारी फिरतो. अम्लराजात हिसकावण्याचे काम नायट्रिक आम्ल करते, धरून ठेवण्याचे काम क्लोराइड. दोघांपैकी एकटा कुणीही उपयोगाचा नाही.

ही जोडी लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे आहे. १८८७ साली ग्लासगोत जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सोन्याच्या खाणींचा चेहरा बदलून टाकणारी पद्धत शोधली. तिच्यात धरून ठेवणारा होता सायनाइड, आणि हिसकावणारा फुकटचा, म्हणजे हवेतला ऑक्सिजन. सायनाइडची सोन्यावरची पकड इतकी घट्ट की अगदी पातळ द्रावणही पुरते. आजही जगातल्या खाणींतले बहुतांश सोने याच मार्गाने बाहेर येते. आपल्या कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, पण धुऊन टाकलेल्या भुकटीचे डोंगर अजून तिथे उभे आहेत आणि लोक त्यांना सायनाइड डंप म्हणूनच ओळखतात. या पद्धतीची दुसरी बाजू २००० सालच्या जानेवारीत रोमानियातल्या बाया मारे इथे दिसली. सोन्याच्या प्रकल्पाचा बंधारा फुटून सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी नद्यांत गेले आणि तिसा नदीतले मासे खच पडावा तसे मेले.

आता गंमत अशी, की ग्लासगोच्या त्या मंडळींच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हीच पद्धत मातीत वापरात होती. उष्ण प्रदेशातल्या मातीत आणि पाण्यात क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम नावाचा जिवाणू राहतो. प्रयोगशाळेतल्या तबकडीवर त्याचे ठिपके गर्द जांभळे दिसतात. ग्लायसीन या साध्याशा अमिनो आम्लापासून तो सायनाइड बनवतो. वस्ती दाट झाली, जिवाणूंना एकमेकांचे रासायनिक इशारे मिळू लागले की हे काम सुरू होते. एकटा-दुकटा असताना तो या भानगडीत पडत नाही. शेजारच्या स्पर्धकांना दूर ठेवायला हे विष त्याला उपयोगी पडत असावे. स्वतःला त्याची बाधा होऊ नये म्हणून ते मोडून निरुपद्रवी करण्याची सोयही त्याच्यापाशी आहे. स्यूडोमोनास कुळातले काही जिवाणूही सायनाइड बनवतात. अशा वस्तीच्या आसपास सोन्याचा कण असेल, हवा खेळती असेल, तर जोडी जमते आणि सोने विरघळू लागते. जिवाणूला सोन्याशी काही देणेघेणे नसते.

सायनाइड हा एकच मार्ग नाही. गंधकयुक्त खनिजे हवा-पाण्याने आणि जिवाणूंच्या हातून कुजतात, तेव्हा थायोसल्फेट तयार होते. तेही सोन्याला धरून ठेवते. खाऱ्या, आम्लधर्मी भूजलात क्लोराइड ते काम करते. सडक्या पालापाचोळ्यातली सेंद्रिय द्रव्येही हातभार लावतात. पृथ्वीच्या कवचात सरासरीने टनामागे काही मिलिग्रॅमच सोने असते, त्यामुळे या हालचालीतले आकडे नगण्य वाटतील. पण हाताशी लाखो वर्षे असली की नगण्य गोष्टींचेही ढीग होतात.

असे सोने किती दूर जाते, याचा एक नमुना सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात काल्गुर्लीजवळ निलगिरीच्या झाडांखाली तीस-पस्तीस मीटर खोल सोन्याचा साठा आहे. २०१३ मध्ये तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या मेल लिंटर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या झाडांच्या पानांत सोन्याचे सूक्ष्म कण असल्याचे क्ष-किरणांनी दाखवले. मुळांनी पाण्याबरोबर विरघळलेले सोने ओढले आणि झाडाने ते पानांत नेऊन टाकले. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरे वाटते. मात्र एका झाडाच्या पानांतून अंगठीपुरतेही सोने निघणार नाही.

गोष्टीचा पुढचा अर्धा भाग परतीच्या प्रवासाचा. विरघळलेले सोने पुन्हा धातू कसे होते?

इथे विष शब्दाचा खुलासा करायला हवा. धातुरूपातले सोने निरुपद्रवी असते. मिठाईवरचा सोन्याचा वर्ख पोटात गेला तर जसा गेला तसाच बाहेर पडतो. सुवर्णभस्मातले सोनेही तपासणीत धातूच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात आढळले आहे. सोन्याच्या आयनांची गोष्ट वेगळी. ते पेशीतल्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतात आणि प्रथिनांचे काम बंद पाडतात. १८९० साली रॉबर्ट कॉखच्या ध्यानात आले होते की सोन्याच्या सायनाइडमुळे परीक्षानळीतल्या क्षयाच्या जंतूंची वाढ थांबते. विसाव्या शतकात सोन्याचे क्षार संधिवातावर औषध म्हणून दिले गेले, त्यांचे दुष्परिणामही त्यातूनच कळले. तेव्हा जांभळ्या जिवाणूने सोने विरघळवून सोडले की मातीतल्या ओलाव्यात राहणाऱ्या इतर जिवाणूंच्या दृष्टीने ते पाणी विषारी होते. सोन्याच्या कणाच्या अगदी लगत तर हे विष सर्वांत दाट.

आणि नेमके तिथेच कोणीतरी सुखाने नांदत असल्याचे फ्रँक रीथ यांना आढळले. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या या संशोधकाने न्यू साउथ वेल्स आणि उत्तर क्वीन्सलँड अशा एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन ठिकाणच्या मातीतून सोन्याचे कण गोळा केले. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिले की या कणांवर जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर असतो, आणि ज्या ज्या कणावर जिवाणूंचा डीएनए सापडला त्या प्रत्येकावर एकाच जिवाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा डीएनए होता. भोवतालच्या मातीत तो मिळाला नाही. हा जिवाणू आज कुप्रिअॅव्हिडस मेटॅलिड्युरन्स या नावाने ओळखला जातो. नावाचा अर्थ काढला तर ‘तांब्याचा हावरा, धातू सोसणारा’ असा निघतो. तो आधीपासून माहीत होता. १९७६ मध्ये बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या गाळाच्या टाकीत तो सापडला होता, जिथे दुसरे काही जगणे कठीण.

सोने या जिवाणूच्या पेशीत शिरल्यावर काय होते, याचा उलगडा पुढच्या बारा वर्षांत होत गेला. २००९ च्या प्रयोगांत दिसले की सोन्याचा मारा होताच पेशीतली धातूंशी झुंजणारी जनुके जागी होतात, आयन आधी गंधकाशी बांधला जातो आणि मग धातूच्या अतिसूक्ष्म कणांत बदलला जातो. खरा पेच २०१८ मध्ये जर्मनीतल्या हाल्ले विद्यापीठातले डीट्रिश नीस, रीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकलून दाखवला. सोन्याच्या मातीत बहुतेक वेळा तांबेही असते. तांबे जिवाणूला थोडे लागते, जास्त झाले तर मारते. म्हणून जादा तांबे बाहेर फेकणारा पंप त्याच्याकडे असतो. सोन्याचे आयन आले की हा पंप निकामी होतो. म्हणजे एकट्या तांब्याने किंवा एकट्या सोन्याने जेवढे नुकसान झाले असते त्याहून दोघे मिळून अधिक करतात. अशा वेळी जिवाणू कोपए नावाचे विकर कामाला लावतो. ते तांब्याला आणि सोन्याला पेशीत सहज न शिरणाऱ्या रूपात ढकलते. तांबे बाहेर अडते, आणि सोने पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत धातूचे कण होऊन साचते. जिवाणूच्या बाजूने पाहिले तर हा कचरा आहे, पण निरुपद्रवी कचरा.

दुसऱ्या एका जिवाणूची रीत आणखी सावध. डेल्फ्टिया ॲसिडोव्होरान्सही सोन्याच्या कणांवर आढळतो. तो सोन्याला घरात येऊच देत नाही. डेल्फ्टिबॅक्टिन नावाचे एक द्रव्य तो बाहेर सोडतो आणि त्याची गाठ पडताच विरघळलेले सोने काही सेकंदांत घन होते, तेही साध्या तापमानाला, आम्लाशिवाय. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या नेथन मॅगार्वी यांच्या गटाने २०१३ मध्ये हे दाखवले.

त्याहून चकित करणारी गोष्ट सॅल्मोनेलाची. टायफॉइडच्या कुळातल्या, आतड्यात राहणाऱ्या या जिवाणूत सोन्याचे आयन ओळखणारे एक प्रथिन असल्याचे अर्जेंटिनातल्या रोसारियोच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. तांबे ओळखणारी यंत्रणा त्याच्याकडे असतेच; त्याच घराण्यातले हे प्रथिन, पण सोन्यावर जास्त तीक्ष्ण नजर ठेवणारे. ते वापरून मातीतले विरघळलेले सोने हुडकायचा मार्ग ऑस्ट्रेलियात शोधला गेला आहे.

ही सारी माहिती कळल्यावर कुणालाही वाटेल की जगातले सोन्याचे गोळे जिवाणूंनीच घडवले असावेत. तसा दावा सूचित करणारा एक निबंध १९९२ मध्ये जॉन वॉटरसन यांनी प्रसिद्ध केला होता. अलास्कातल्या सोन्याच्या कणांवर त्यांना जाळीदार, कोंब फुटल्यासारखे आकार दिसले आणि ते जिवाणूंचे ठसे वाटले. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की तसे आकार निव्वळ रासायनिक क्रियेनेही येऊ शकतात. ती शंका मला रास्त वाटते. दिसण्यावरून वंश ठरवू नये. मोठ्या गोळ्यांबाबत तर पुरावा उलट बाजूचा आहे. १८६९ साली व्हिक्टोरिया प्रांतात जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना जमिनीखाली वीतभरही खोल नसलेला, सत्तर किलोंहून अधिक सोने देणारा ‘वेलकम स्ट्रेंजर’ सापडला. असे गोळे मातीतच वाढत असावेत, असे पुष्कळांना वाटे. रॉबर्ट हफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातले गोळे कापून आतली स्फटिकरचना आणि चांदीचे प्रमाण तपासले, तेव्हा ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेत घडल्याची लक्षणे मिळाली. झिजून, वाहून ते वर आले.

मग जिवाणूंचा वाटा कोणता? तो सालीचा. खाणीतून आलेल्या नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते. मातीत दीर्घकाळ राहिलेल्या कणाची बाहेरची साल मात्र जवळपास निखळ सोन्याची असते. चांदी लवकर विरघळून पाण्याबरोबर निघून जाते. सोने थोडे विरघळते आणि जवळच पुन्हा बसते. गलाईवाला जे तेजाबाने करतो, ते इथे ओल, हवा आणि जिवाणू मिळून करतात. पूर्वी समजत की याला हजारो, लाखो वर्षे लागतात. क्वीन्सलँडमधल्या वेस्ट कोस्ट क्रीक या ओढ्यातले कण तपासून रीथ यांच्या गटाने २०१७ मध्ये सांगितले की काही वर्षे ते काही दशके एवढा काळही पुरतो.

धंद्यात जिवाणू आले ते वेगळ्याच वाटेने, आणि इथे बातम्यांमध्ये नेहमी गल्लत होते. काही खाणींतले सोने लोह-गंधकाच्या किंवा लोह-गंधक-आर्सेनिकच्या खनिजात असे दडलेले असते की सायनाइड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे आम्लात राहणारे जिवाणू त्या खनिजातल्या लोहावर आणि गंधकावर जगतात. १९४७ साली अमेरिकेतल्या कोळसाखाणींतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात ते प्रथम ओळखले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून चाळीस अंश सेल्सियसच्या टाक्यांत हे जिवाणू खनिजाचा चुरा खात आहेत. ते सोन्याला हात लावत नाहीत, नुसते कवच फोडतात. पुढे सायनाइड लागतेच. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. ए. नटराजन यांनी या शाखेत दीर्घकाळ काम केले.

माझ्या मनात मात्र खाणींपेक्षा गलाईची दुकाने येतात. दहा बाय दहाच्या खोलीत वर्षानुवर्षे तेजाबाचा धूर घेतलेल्या माणसांचा खोकला मी ऐकला आहे. आता तर संगणक आणि मोबाइलच्या जुन्या सर्किट बोर्डांतून सोने काढण्यासाठी शहरांच्या कडेला उघड्यावर आम्ल उकळले जाते, आणि ते करणाऱ्यांत पोरेही असतात. म्हणून जांभळा जिवाणू सर्किट बोर्डातले सोने विरघळवतो, असे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सोन्यापेक्षा त्या धुराची आठवण झाली.

अडचण आहे ती तांब्याची. एक किलो बोर्डात तांबे दीडशे-दोनशे ग्रॅम असू शकते, सोने ग्रॅमचा काही अंश. जिवाणू लिटरमागे जेमतेम वीस-तीस मिलिग्रॅम सायनाइड बनवतो आणि त्यातले बहुतेक तांबेच पळवते. सोन्याच्या वाट्याला उरलेसुरले. यावर संशोधकांनी योजलेला क्रम गलाईवाल्याला ओळखीचा वाटेल: आधी हलका धातू बाहेर काढायचा. आम्लात राहणारे जिवाणू आधी तांबे विरघळवून नेतात, नंतर जांभळे जिवाणू सोन्याला भिडतात. विरघळलेले सोने गोळा करायला धातू सोसणारे जिवाणू वापरता येतात. न्यूझीलंडमधल्या एका कंपनीने त्याच तत्त्वावर काम उभे केले आहे, पण तिथे सोने विरघळवण्याचे पहिले काम रसायनांकडेच आहे. कारण जिवाणूंच्या दोन तुकड्यांचे आपसात पटत नाही. पहिल्यांना लिंबाच्या रसाइतके आंबट पाणी लागते, दुसरे त्यात जगत नाहीत. शिवाय आंबट पाण्यात सायनाइडचा विषारी वायू होऊन तो उडून जातो. त्यामुळे दोन टप्प्यांच्या मध्ये बोर्डाचा चुरा नीट धुऊन त्याचा आंबटपणा घालवावा लागतो. दोन्ही टप्पे मिळून कित्येक दिवस जातात. अम्लराजाला हेच काम करायला काही तास पुरतात.